जुने डॉस खेळ संथ चालत असतील तर: डॉसबॉक्समधील वेग आणि मेमरीची जुळवणी

मालवण-वेंगुर्ल्यापासून दापोली-श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या अनेक घरांत आज एखादा जुना लॅपटॉप असतो, आणि बहुधा तो गणपतीला आलेल्या चाकरमान्याने मुंबईहून आणून गावी ठेवलेला असतो. त्यावर नवे खेळ चालतील अशी अपेक्षा कोणी करत नाही. मात्र शाळेच्या संगणक कक्षात किंवा बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत एके काळी खेळलेले ‘डेंजरस डेव्ह’, ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ किंवा ‘डूम’ तरी त्यावर चालावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. हे खेळ डॉस या विंडोजपूर्व काळातील संगणक प्रणालीसाठी लिहिलेले असून ६४ बिटच्या विंडोजवर ते थेट सुरूच होत नाहीत. म्हणून डॉसबॉक्ससारखा एम्युलेटर, म्हणजे जुन्या संगणकाची प्रोसेसरपासून साउंड कार्डापर्यंत नक्कल करणारा प्रोग्रॅम, वापरावा लागतो.

नवख्या माणसाला पहिला धक्का येथेच बसतो. तीस वर्षांपूर्वीचा खेळ त्याहून कितीतरी पटींनी वेगवान असलेल्या लॅपटॉपवर रखडत चालतो, आवाज फाटतो, किंवा मेमरी पुरेशी नसल्याचा संदेश दाखवून खेळ बंद पडतो. मग मेमरीचा आकडा वाढवला जातो, त्याने काही फरक पडत नाही, आणि लॅपटॉपच निकामी आहे असा निष्कर्ष निघतो. वस्तुतः वेगाची तक्रार आणि मेमरीची तक्रार यांचा एकमेकींशी फारच थोडा संबंध असतो. दोन्हींची कारणे वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत, म्हणून या लेखात आधी वेगाचा आणि मग मेमरीचा विचार केला आहे.

येथील वर्णन डॉसबॉक्सच्या ०.७४ या मूळ मालिकेला धरून आहे. या मालिकेतील ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. डॉसबॉक्स स्टेजिंग आणि डॉसबॉक्स-एक्स या तिच्यावरूनच निघालेल्या शाखांमध्ये काही सेटिंगची नावे आणि मूळ मूल्ये वेगळी आहेत, पण त्यांमागचे तत्त्व तेच आहे. लेखात आज्ञा व सेटिंगची नावे देवनागरीत लिहिली असली तरी फाइलमध्ये ती रोमन लिपीत असतात आणि टंकतानाही रोमन अक्षरे व आकडेच वापरावे लागतात.

पूर्वतयारी

खेळ कायदेशीर मार्गाने मिळवावा. जुना आहे म्हणून तो फुकट आहे असे नसते. ‘डूम’चा पहिला भाग निर्मात्यांनीच शेअरवेअर म्हणून मोफत वाटला होता, तर अनेक जुने खेळ गॉग या संकेतस्थळावर डॉसबॉक्ससह विकत मिळतात. डॉसबॉक्सची स्थापना फाइल अगदी लहान असल्याने गावातल्या अशक्त मोबाइल नेटवर्कवरूनही ती सहज उतरवता येते.

सर्व खेळांसाठी एक स्वतंत्र फोल्डर करावा, त्याचे नाव आठ अक्षरांहून मोठे ठेवू नये आणि त्यात मोकळी जागा सोडू नये. डॉसबॉक्स सुरू झाल्यावर हाच फोल्डर ‘माउंट’ आज्ञेने सी ड्राइव्ह म्हणून जोडावा. संपूर्ण हार्ड डिस्क जोडू नये. खेळ पेन ड्राइव्हवर किंवा जुन्या मेमरी कार्डावर असेल तर तो आधी हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावा, कारण खेळ दर काही मिनिटांनी क्षणभर थबकत असेल तर कित्येकदा डिस्क वाचण्यास होणारा विलंबच त्याला कारणीभूत असतो. सीडीवरून चालणाऱ्या खेळाचेही तसेच आहे. सीडीची इमेज फाइल करून ती ‘इमेजमाउंट’ आज्ञेने, जी प्रत्यक्षात ‘आयएमजीमाउंट’ अशी टंकावी लागते, जोडल्यास हा त्रास उरत नाही.

सेटिंगची फाइल विंडोजमध्ये स्टार्ट मेनूतील डॉसबॉक्सच्या फोल्डरमधील ‘ऑप्शन्स’ या दुव्याने उघडते. तिला हात लावण्यापूर्वी तिची एक प्रत वेगळ्या नावाने ठेवावी. त्यानंतर एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि खेळ पुन्हा चालवून पाहावा. एका दमात पाच बदल केल्यावर खेळ सुधारला, तर त्यांतील कोणता बदल उपयोगी पडला आणि कोणते चार निरर्थक होते, हे कधीच कळत नाही.

संथपणाचे निदान

‘खेळ संथ चालतो’ या एका वाक्यात किमान तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि त्यांतील दोहोंवरचे उपाय तर परस्परविरुद्ध आहेत. म्हणून आधी खेळाचा आवाज नीट ऐकावा.

संगीत व आवाज स्वच्छ असून चित्र मात्र अडखळत, सावकाश हलत असेल, तर डॉसबॉक्सने नक्कल केलेला प्रोसेसर खेळाला अपुरा पडत आहे. त्याचा वेग वाढवावा लागेल. याउलट आवाज तुटत असेल, करकरत असेल आणि चित्रही झटके देत असेल, तर आपला खरा लॅपटॉप थकला आहे; नकली प्रोसेसरचा वेग त्याला पेलवत नाही, म्हणून तो कमी करावा लागेल. आणि खिडकीत उत्तम चालणारा खेळ पूर्ण पडद्यावर नेताच रखडत असेल, तर दोष चित्र दाखवण्याच्या पद्धतीत आहे.

दुसऱ्या प्रकाराची खात्री विंडोजच्या टास्क मॅनेजरमधून करता येते, मात्र तेथे एक फसगत संभवते. डॉसबॉक्सचे मुख्य काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या त्याच्या एकाच भागावर, चालते. त्यामुळे चार कोअरच्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स २५ टक्क्यांच्या आसपास दिसत असेल, तर प्रोसेसर मोकळा आहे असे समजू नये; एक कोअर पूर्णपणे वापरला गेला आहे, असा त्याचा अर्थ आहे. याच कारणाने अनेक संथ कोअर असलेल्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा दोनच, पण वेगवान कोअर असलेला जुना लॅपटॉप या कामी सरस ठरू शकतो.

लॅपटॉपची अवस्था

सेटिंगकडे वळण्यापूर्वी यंत्राकडे पाहणे आवश्यक आहे, आणि किनाऱ्यावर तर ते अधिकच आवश्यक आहे. लॅपटॉप बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग बहुधा उतरवला जातो. पावसाळ्यात वीज वारंवार जाते, लॅपटॉप नकळत बॅटरीवर येतो, आणि काल व्यवस्थित चालणारा खेळ आज रखडू लागतो. खेळताना चार्जर जोडलेला आहे ना, आणि विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वीजबचतीऐवजी संतुलित किंवा उच्च कार्यक्षमतेचा पर्याय निवडलेला आहे ना, हे प्रथम तपासावे.

दुसरी बाब उष्णतेची. खाऱ्या, दमट हवेत पंख्यावर आणि त्यामागच्या जाळीवर धूळ चिकटून बसते व तिचा थर होतो. हवा खेळेनाशी झाली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. खेळ पहिली दहा-पंधरा मिनिटे चांगला चालून नंतर संथ होत असेल, तर कारण जवळजवळ निश्चितपणे हेच असते, आणि डॉसबॉक्सच्या फाइलमधला कोणताही आकडा त्यावर इलाज नाही. पंखा साफ करून घ्यावा. तोपर्यंत लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर न ठेवता कडक, सपाट जागी ठेवावा. पार्श्वभूमीवर विंडोजचे अपडेट चालू असेल तर ते संपू द्यावे.

सायकल्स

आता मुख्य भाग. सेटिंग फाइलमधील ‘सीपीयू’ या विभागात ‘सायकल्स’ नावाची ओळ असते. एका मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात, डॉसबॉक्सने प्रोसेसरच्या किती सूचना पार पाडाव्यात, तो हा आकडा. ३००० म्हणजे सेकंदाला तीस लाख सूचना. खेळ चालू असताना हा आकडा खिडकीच्या वरच्या पट्टीवर दिसतो.

मूळ सेटिंग ‘ऑटो’ असे असते, आणि अर्ध्याअधिक तक्रारींचे मूळ त्यातच असते. ऑटोचा अर्थ असा की खेळ रिअल मोडमध्ये, म्हणजे जुन्या १६ बिटच्या पद्धतीने चालत असेल तर त्याला ३००० सायकल्स द्यायच्या, आणि तो प्रोटेक्टेड मोडमध्ये, म्हणजे १ एमबीपलीकडची मेमरीही वापरू देणाऱ्या नंतरच्या पद्धतीत गेला तर लॅपटॉपला जमेल तितका वेग द्यायचा. १९८० च्या दशकातील खेळांना ३००० पुरतात. १९९३ चा ‘डूम’ प्रोटेक्टेड मोडमध्ये चालतो, त्यामुळे त्याला आपोआप पूर्ण वेग मिळतो. अडचण होते ती मधल्या खेळांची. १९९२ चा ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’ रिअल मोडमध्ये चालतो, पण ३००० सायकल्समध्ये तो अडखळतो. १९९१ ते १९९४ या काळातील कित्येक खेळांची हीच गत आहे, आणि नवखा माणूस नेमके तेच खेळ आधी उघडतो.

खेळ सुरू करून एखाद्या गर्दीच्या प्रसंगापर्यंत जावे, कारण शीर्षकाच्या स्थिर पडद्यावर वेगाची परीक्षा होत नाही. तेथे कंट्रोल आणि एफ-१२ ही कळजोडी दाबल्यास सायकल्स वाढतात आणि कंट्रोल व एफ-११ ने कमी होतात. मूळ सेटिंगनुसार वाढ दर वेळी १० टक्क्यांची आणि घट २० टक्क्यांची असते. बऱ्याच लॅपटॉपवर यासोबत एफएन ही कळही दाबावी लागते, अन्यथा पडद्याची प्रखरता किंवा आवाजच बदलतो. कळ दाबावी, काही सेकंद खेळावे, आवाज ऐकावा आणि पुन्हा दाबावी. चित्र सुरळीत झाले आणि आवाज स्वच्छ आहे, तेथेच थांबावे. आवाज तुटू लागला तर मर्यादा ओलांडली गेली आहे; तेथून एक-दोन पायऱ्या मागे यावे. आणखी वेगाच्या हव्यासाने पुढे जाण्यात काही अर्थ नाही, कारण ठरलेल्या मिलिसेकंदात सूचना पूर्ण झाल्या नाहीत की खेळातला काळच मागे पडतो आणि सायकल्स वाढवूनही खेळ आणखी संथ होतो.

सुरुवात कोठून करावी याचा अंदाज घेण्यासाठी जुन्या यंत्रांशी ढोबळ मेळ घालता येतो. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीचा वेग ३०० सायकल्सच्या आसपास येतो, ३३ मेगाहर्ट्झच्या ३८६ या जुन्या प्रोसेसरचा सहा-सात हजारांच्या, त्याच वेगाच्या ४८६ चा बारा-तेरा हजारांच्या, ६६ मेगाहर्ट्झच्या ४८६ चा पंचवीस हजारांच्या आणि १०० मेगाहर्ट्झच्या पेंटियमचा सत्तर हजारांच्या घरात जातो. हे आकडे काटेकोर नाहीत आणि खेळागणिक बदलतात. तरीही खेळाच्या वेष्टनावर ‘३८६ आवश्यक’ असे लिहिले असेल, तर आठ हजारांपासून प्रारंभ करणे शहाणपणाचे असते.

योग्य आकडा सापडला की तो फाइलमध्ये ‘सायकल्स=फिक्स्ड १२०००’ अशा रीतीने लिहून ठेवावा. ‘फिक्स्ड’ऐवजी ‘मॅक्स’ लिहिण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो केवळ पेंटियमच्या काळातील जड खेळांनाच लागू पडतो. इतर वेळी मॅक्समुळे वेग सतत खालीवर होत राहतो, लॅपटॉप विनाकारण तापतो, आणि तापल्यावर काय होते ते वर आलेच आहे. मॅक्स वापरायचेच असेल तर ‘मॅक्स ८० टक्के’ असे लिहून आवाजाच्या कामासाठी थोडी उसंत ठेवावी.

अतिवेगाचाही त्रास असतो. अगदी जुन्या काही खेळांमध्ये काळ मोजण्याची सोय नसून त्यांची गती थेट प्रोसेसरच्या वेगावर अवलंबून असते. त्यांतील पात्रे वेड्यासारखी धावू लागतात. अशा खेळाला ३०० ते १००० सायकल्स देऊन पाहाव्यात. टर्बो पास्कल या भाषेत लिहिलेले काही प्रोग्रॅम तर वेगवान प्रोसेसरवर सुरू होतानाच ‘रनटाइम एरर २००’ असा संदेश देऊन बंद पडतात, कारण प्रारंभी यंत्राचा वेग मोजताना त्यांच्या गणितात शून्याने भागण्यासारखी स्थिती उद्भवते. सायकल्स उतरवल्यावर हेच प्रोग्रॅम निमूटपणे चालतात.

सायकल्सच्याच विभागात ‘कोअर’ ही ओळ असते; तिचा लॅपटॉपच्या कोअरशी संबंध नाही, नकली प्रोसेसरने सूचना कोणत्या पद्धतीने पार पाडाव्यात ते ती ठरवते. ती ‘ऑटो’ असू द्यावी. जड खेळासाठी ‘डायनॅमिक’ अधिक वेगवान ठरते, आणि त्याने खेळ कोसळू लागला तर ‘नॉर्मल’ निवडावे.

चित्र आणि आवाज

पूर्ण पडद्यावर गेल्यावरच रखडणाऱ्या खेळासाठी ‘आउटपुट’ ही ओळ पाहावी. तिचे मूळ मूल्य ‘सरफेस’ असते आणि त्यात चित्र मोठे करण्याचा भार प्रोसेसरवर येतो. त्याऐवजी ‘ओपनजीएल’ किंवा ‘ओव्हरले’ लिहिल्यास ते काम ग्राफिक्स चिपकडे जाते. अतिशय जुन्या ग्राफिक्स चिपवर यांपैकी एखादा पर्याय उलट संथ ठरतो किंवा काळा पडदा दाखवतो, म्हणून दोन्ही चालवून पाहिल्याशिवाय मत बनवू नये. ‘स्केलर’ या ओळीत चित्राच्या कडा गुळगुळीत करणारे ‘एचक्यू२एक्स’सारखे आकर्षक पर्याय आहेत, दुबळ्या लॅपटॉपवर ते टाळून ‘नॉर्मल२एक्स’ किंवा ‘नन’ ठेवावे. ३२० बाय २०० च्या पडद्यावर ६४,००० ठिपके असतात आणि ६४० बाय ४८० च्या पडद्यावर ३,०७,२००. खेळातच कमी रेझोल्यूशनचा पर्याय दिला असेल तर तो निवडण्याने होणारा लाभ यावरून लक्षात येईल.

‘फ्रेमस्किप’ हा शेवटचा उपाय मानावा. कंट्रोल आणि एफ-८ ने काही चित्रे गाळली जातात, कंट्रोल आणि एफ-७ ने ती पुन्हा दाखवली जातात. एकच्या पुढे गेल्यास नेमबाजीचे खेळ खेळण्यासारखे राहत नाहीत.

सायकल्स कमी करूनही आवाज करकरत असेल, तर ‘मिक्सर’ विभागातील ‘रेट’ २२०५० करावा आणि ‘ब्लॉकसाइझ’ २०४८ पर्यंत वाढवावा. आवाज किंचित उशिरा येईल, पण तुटणार नाही. खेळाच्या सेटअपमध्ये मात्र साउंड ब्लास्टर, पोर्ट २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ हीच मूल्ये निवडावीत, कारण डॉसबॉक्स त्याच मूल्यांचे कार्ड दाखवते.

मेमरी

लॅपटॉपमध्ये चार जीबी मेमरी असताना ‘पुरेशी मेमरी नाही’ हा संदेश वाचून कोणीही गोंधळेल. त्याचे उत्तर पहिल्या पीसीच्या रचनेत आहे. त्यातील प्रोसेसर फक्त १ एमबीपर्यंतचे पत्ते ओळखू शकत असे. त्यातील खालचे ६४० केबी प्रोग्रॅमसाठी होते, तीच कन्व्हेन्शनल मेमरी. वरचे ३८४ केबी पडदा, कार्डे आणि बायोस, म्हणजे यंत्र सुरू करणारा अंगभूत प्रोग्रॅम, यांच्यासाठी राखलेले होते. पुढे यंत्रांत अधिक मेमरी आली तेव्हा तिच्यापर्यंत पोहोचण्याचे दोन मार्ग निघाले. लोटस, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या ईएमएस पद्धतीत वरच्या राखीव भागातील ६४ केबीच्या झरोक्यातून जादा मेमरीची पाने आलटून पालटून दाखवली जात. १ एमबीपलीकडच्या मेमरीत माहिती नेऊन ठेवण्याची व परत आणण्याची सोय करणारी पद्धत म्हणजे एक्सएमएस. काही खेळ पहिली पद्धत मागतात, काही दुसरी, आणि जवळजवळ सर्वांना थोडी तरी कन्व्हेन्शनल मेमरी लागतेच.

डॉसबॉक्समधील ‘मेमसाइझ’ ही ओळ या यंत्रातील एकूण मेमरी ठरवते. तिचे मूळ मूल्य १६ एमबी आहे आणि ०.७४ मालिकेत ते ६३ पर्यंत नेता येते. परंतु घरामागचे आगर कितीही वाढवले म्हणून माजघर रुंद होत नाही, तसे हा आकडा वाढवल्याने ६४० केबीत काडीचीही भर पडत नाही, आणि वेगातही पडत नाही. ‘डूम’ला ४ एमबी पुरत असत, १६ मध्ये डॉसचे बहुसंख्य खेळ मावतात. १९९६ नंतरचा एखादा खेळ स्पष्टपणे अधिक मेमरी मागत असेल तरच ३२ लिहावे. उलट काही जुने खेळ अपेक्षेपेक्षा जास्त मेमरी पाहून बिथरतात, तेव्हा हा आकडा ८ किंवा ४ वर आणावा. हा बदल लागू होण्यासाठी डॉसबॉक्स बंद करून पुन्हा सुरू करावे लागते.

प्रत्यक्षात किती मेमरी मोकळी आहे हे ‘मेम’ ही आज्ञा टंकून पाहता येते. डॉसबॉक्समध्ये साधारण ६३० केबीच्या आसपास कन्व्हेन्शनल मेमरी मोकळी मिळते. खऱ्या डॉसमध्ये एवढी मोकळी जागा मिळवण्यासाठी कॉन्फिग.सिस या डॉस सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंग फाइलशी रात्र रात्र झुंजावे लागे. त्या काळातल्या सूचना वाचून हायमेम किंवा ईएमएम३८६ हे जादा मेमरी सांभाळणारे प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये बसवण्याचा खटाटोप मात्र करू नये. ते काम येथे ‘डॉस’ विभागातील ‘एक्सएमएस’, ‘ईएमएस’ आणि ‘यूएमबी’ (वरच्या राखीव भागातील रिकामी जागा) या तीन ओळी करतात आणि मूळ सेटिंगमध्ये त्या चालूच असतात.

तरीही मेमरीचा संदेश आला तर तो शब्दशः वाचावा. कन्व्हेन्शनल मेमरी कमी असल्याचे सांगितले असेल, तर खेळापूर्वी माउस ड्रायव्हर किंवा दुसरा एखादा प्रोग्रॅम मेमरीत बसवला गेला आहे का, ते पाहावे. डॉसबॉक्स माउसची सोय स्वतःच करते, त्यामुळे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ‘पॅक्ड फाइल इज करप्ट’ असा संदेश आल्यास फाइल खराब झाली असेलच असे नाही. मेमरीच्या अगदी तळाच्या ६४ केबीत उतरल्यामुळे काही जुन्या प्रोग्रॅमांचा असा घोटाळा होतो. तेव्हा खेळाच्या नावाआधी ‘लोडफिक्स’ हा शब्द आणि एक मोकळी जागा टंकावी, म्हणजे तळाची जागा अडवली जाते आणि खेळ तिच्या वर उतरतो. खेळ काहीही न सांगता सुरुवातीलाच गोठत असेल, तर ‘ईएमएस=फॉल्स’ करून पाहावे, मग ते पुन्हा ‘ट्रू’ करून ‘यूएमबी=फॉल्स’ पाहावे. १९९२ चा ‘अल्टिमा ७’ स्वतःची वेगळी मेमरी पद्धत वापरत असे आणि खऱ्या डॉसमध्ये त्याचे ईएमएम३८६ शी जमत नसे. अशा खेळांना जादा सोयी बंद केलेल्याच मानवतात.

खेळागणिक स्वतंत्र फाइल

एका खेळाला ६०० सायकल्स लागतात आणि दुसऱ्याला २५ हजार, त्यामुळे दोघांसाठी एकच फाइल ठेवून दर वेळी आकडे खोडत बसणे व्यर्थ आहे. ‘कॉन्फिग -राइटकॉन्फ’ या आज्ञेपुढे नवे नाव दिल्यास चालू सेटिंगची स्वतंत्र फाइल तयार होते. तिच्या शेवटच्या ‘ऑटोएक्झेक’ विभागात फोल्डर जोडण्याची, त्यात जाण्याची आणि खेळ सुरू करण्याची अशा तीन ओळी लिहाव्यात, आणि डेस्कटॉपवर डॉसबॉक्सचा शॉर्टकट करून त्यात ‘-कॉन्फ’ या पर्यायापुढे त्या फाइलचे नाव द्यावे. मग घरातल्या मुलांना एकही आज्ञा न टंकता खेळ उघडता येतो. साठवलेले डावही त्याच फोल्डरमध्ये साध्या फाइली म्हणून राहतात. लॅपटॉपचा भरवसा नसेल तर खेळाचा फोल्डर आणि ही सेटिंग फाइल अशा दोहोंची प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवावी.